खोकल्याची पाळी

श्वास ओढायच्या यंत्रातला निळा चेंडू थरथरला, बोटभर वर चढला आणि टपकन खाली बसला. तोंडातली नळी सोडून त्याने डोळे मिटले. रंगकामाच्या परांचीवरून पडल्यापासून मान आणि खांदे तेवढे त्याचे राहिले होते. छातीतली हवासुद्धा उसनी मागून आणल्यासारखी—कुणी सांगेल तेव्हा, सांगेल तेवढी...

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक ड्रायव्हर कफाने घुरघुरत होता. त्यालाही मानेचाच मार, पण त्याच्याजवळ घरचं कुणी नव्हतं.

"वहिनी, तुम्हाला जमतं आता. यांचा खोकला काढून द्या, मी बघते," व्यायामाच्या बाई म्हणाल्या.

त्याची बायको उठली. बरगड्यांखाली तळवे टेकायचे, माणूस खोकेल त्याच क्षणी आत आणि वर दाबायचं—नवऱ्यासाठी शिकलेलं ते सगळं तिने त्या परक्या पोटावर केलं.

"आई गं! वहिनी, हात आहेत की बर्फाच्या लाद्या?" ड्रायव्हर ओरडला.

ती खुदकन हसली. किती महिन्यांनी... पण नवऱ्याचं मन त्या हसण्याच्याही अलीकडेच अडकलं होतं. गार. त्या माणसाला गार लागलं! हेच हात रोज आपल्या पोटावर असतात आणि ते टेकले की नाही, हे आपण तिच्या खांद्यांवरून ओळखतो... पूर्वी कामावरून आलं की ती मागून पाठीवर हात ठेवायची, आणि तो, रंगाने माखलेला, अंग चोरायचा—थांब, आधी आंघोळ करू दे.

"आता तुमची पाळी." ती तळवे एकमेकांवर चोळत आली.

"कुणासाठी ऊब आणतेस? मला गार काय नि निखारे काय, सारखंच." आणि मग, न राहवून, "त्याला खोकवायला गेली होतीस की हसायला?"

तिचा चेहरा उतरला. "श्वास घ्या," एवढंच ती म्हणाली.

त्याने घेतला. पोट वर आलं.

"हं, खोका."

तो खोकला नाही. घसा आवळून त्याने हवा धरून ठेवली. ती ओणवी झालेली, चेहरा वीतभर अंतरावर, सगळा भार तळव्यांवर घेऊन त्याच्या एका उबळीची वाट पाहणारी—आत्ता ती कुठेही जाऊ शकत नव्हती. त्याला एक अघोरी सुख झालं आणि पाठोपाठ लाज वाटली. पण हवा काही त्याने सोडली नाही.

"अहो... सोडा ना." तिच्या डोळ्यांत भीती दाटली. ही भीती ड्रायव्हरच्या वाट्याला आली नव्हती. ती फक्त त्याची होती. एवढं पुरेल का आपल्याला, असं तो स्वतःलाच विचारत राहिला, कानशिलं ठणकू लागली तरी...