क्लिपची मूठ

“उघडा,” डॉक्टर म्हणाले. अक्कांनी मूठ सैल केली आणि पडद्यावर क्लिपचा एवढासा जबडा उघडला.

टेबलावर कुशीवर झोपवलेला माणूस बस चालवायचा. शिळंपाकं खाल्ल्याचं निमित्त झालं, सकाळपासून उलट्या थांबेनात, आणि शेवटच्या दोन रक्ताच्या झाल्या. ओकाऱ्यांच्या जोरानं अन्ननलिका खालच्या टोकाशी फाटली होती. आता तोंडातून आत सोडलेल्या दुर्बिणीतून क्लिप लावून ती चीर मिटवायची होती. दुर्बीण डॉक्टर धरतात. क्लिपची मूठ मात्र सिस्टरच्या हातात असते, आणि या खोलीत बावीस वर्षं ती अक्कांच्याच हातात होती. नातेवाईक आभार मानायचे ते डॉक्टरांचे. अक्कांना त्याचं काही नव्हतं, पण मुठीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. नोंदी लिहिणाऱ्या सिस्टरनं एकदा शिकवा म्हटलं, तर ‘आधी अक्षर सुधार’ म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

“थांबा, अजून नाही...”

अंगठा थरथरला. क्लिप आधीच मिटली आणि सुटून पोटात पडली. पडदा लाल झाला.

दोन महिने अंगठ्याचं हे असंच चाललं होतं. घरी कप बशीवर वाजायचा. सून आता तो अर्धाच भरून द्यायची.

“असू दे अक्का, दुसरी घ्या.” डॉक्टरांची नजर पडद्यावरच होती. रुग्णाचं बीपी उतरत होतं.

अक्कांनी दुसरी घेतली. अंगठा पुन्हा नाचू लागला. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

“डॉक्टर, माझ्याच्यानं नाही व्हायचं हे.” त्या मागे वळल्या. “ए, पेन ठेव. हातमोजे घाल आणि ये इकडे.”

“मी?” नोंदी लिहिणारी म्हणाली.

“नाही, तुझं पेन. चल लवकर! ते बंद म्हणाले की बंद. त्याआधी श्वाससुद्धा सोडू नकोस.”

अक्का रुग्णाच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

“बंद.”

टक्कन आवाज आला. चिरेच्या दोन्ही कडा जवळ आल्या. आणखी एक क्लिप लागली आणि रक्त थांबलं.

“छान,” डॉक्टर म्हणाले. अक्कांना ते असं कधी म्हणाले नव्हते. त्यांचा हात चुकायचाच नाही, म्हणून तशी वेळच आली नव्हती.

दुर्बीण बाहेर निघाली. अक्कांनी ड्रायव्हरची हनुवटी पुसली. त्यानं गुंगीतच त्यांचा अजून नाचणारा हात धरला.

“घाबरू नका, ताई,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “मी बरा आहे.”

“बरं,” अक्का म्हणाल्या, आणि हात तसाच राहू दिला.