खांद्यावरचा दिवस

प्रेमिलाने वहीत मैदानाचा चौकोन आखला, एका टोकाला मंच दाखवला आणि वही वच्छलाताईंच्या मांडीवर ठेवली.

"ताई, आपण कोण्या बाजूनं आत गेलो होतो? इकडून का तिकडून?"

वच्छलाताई तिच्या चुलत बहीण, सहा वर्षांनी मोठ्या. सक्करदऱ्याच्या घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेली प्रेमिला प्रताप नगरहून ऑटोने मुद्दाम आली होती. आत्मकथन लिहायला घेतल्यापासून ती नातेवाइकांना असेच प्रश्न विचारत फिरे. घराचं छप्पर कवेलूचं की टिनाचं? शेजारच्या बकरीचं नाव काय? माणसं कंटाळत, ती कंटाळत नसे.

पहिलं प्रकरण छप्पनच्या धम्मदीक्षेचं होतं. तेव्हा ती चार वर्षांची. वडिलांच्या, धोंडबांच्या, खांद्यावर बसून तिने त्यांचे दोन्ही कान घट्ट धरले होते आणि खाली नजर पोचेल तिथवर पांढरे कपडे होते. विहारात, शाळेत, नात मोनालीला, तिने हे कितीदा सांगितलं होतं.

वच्छलाताईंनी चौकोनावर बोट ठेवलं. "आम्ही इकडून गेलो."

"आम्ही काय? आपण म्हण ना."

ताईंचा हात शेंगेवरच थांबला.

"हे पुस्तकात छापून राहिली का तू?"

"हो. पहिलंच प्रकरण आहे."

"मंग सांगावंच लागते." त्यांनी शेंग ताटात ठेवली. "तू नव्हती आली वं. तुले ताप होता. काकू तुले घेऊन घरीच राहिली."

प्रेमिला हसली. "असं कसं? मले चांगलं आठवते. बाबाचे कान..."

"कान रविंद्रनं धरले होते. घरी येईपर्यंत काकाचे कान लाल झाले. पण त्यायनं पोराले खाली उतरवलं नाही."

रविंद्र म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, प्रेमिलाहून वर्षाने मोठा. तिच्या दीडशे पानांत त्याच्यावर एकच ओळ होती: देवीच्या साथीत गेला.

"आल्यावर तो रोज तेच सांगे," ताई म्हणाल्या. "तुले अंगणात पुढं बसवून. पुढच्या साली तो गेला. घरात कोणी बोलेना. मंग एक दिवस जेवता जेवता तूच सुरू झाली. 'मी वरून पाहिलं, सगळं पांढरं पांढरं होतं.' आईनं हातातला घास खाली ठेवला. आम्हाले वाटलं, तोच बोलून राहिला."

प्रेमिलाने चष्मा काढला, पदराने पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"मले कोणी टोकलं काहून नाही?"

"आई म्हणे, बोलू द्या तिले. नंतर तर तीच तुले हाक मारे. सांग वं प्रेमिला, म्हणे."

हे मात्र प्रेमिलाला खरोखर आठवत होतं. मोठी आई, म्हणजे ताईंची आई, तिला चुलीजवळ बसवून घेई, मुठीत फुटाणे देई आणि पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावी. आपण छान सांगतो म्हणून फुटाणे मिळतात, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"आता काढून टाकशील ते प्रकरण?" ताईंनी हळूच विचारलं.

प्रेमिलाने वही आपल्याकडे ओढली. मैदानाचं पान उलटून तिने कोरं पान काढलं, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ताई, त्याचे केस कसे होते?"

वच्छलाताई तिच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी शेंगांचं ताट दूर सारलं, पदराने हात पुसले आणि सरकून प्रेमिलाच्या जवळ बसल्या.

"थांब," त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून लिहून घे."