तळघरातल्या तीन भेगा

काकासाहेब औताडे यांची बत्तीस वर्षं जायकवाडीच्या कालव्यावर गेली होती. कालवा कुठं पाझरतोय, भराव कुठं फुगलाय, हे ते काठानं नुसतं चालत जाऊन सांगायचे. त्यामुळं गारखेड्यातल्या त्यांच्या घराच्या तळघराला भेगा पडल्या, तेव्हा त्यांनी कुणाला विचारलंच नाही. शेजारच्या तात्यासाहेबांनी त्याच वर्षी बोअर घेतलं होतं. दीड दिवस मशीन धडधडत होतं. आणखी काय पुरावा पाहिजे?

"तुमच्या बोअरनं माझा पाया हलला," काकासाहेब गेटवरूनच म्हणाले.

"अहो, आधी नीट बघा तरी. मग बोला," तात्यासाहेब म्हणाले.

झालं. रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जाणारे दोघं त्या दिवसापासून वेगवेगळ्या दिशांना निघू लागले. याला दोन वर्षं झाली.

यंदा सून अपेक्षानं मनावर घेतलं. तिला तळघरात शिवणवर्ग काढायचा होता. मशिनी ठरल्या होत्या, पाच बायका नाव नोंदवून गेल्या होत्या. पण तळघरात दुपारीही दिवा लागायचा. जमिनीलगतच्या दोन्ही खिडक्या गंजून चौकटीत अशा बसल्या होत्या की उघडायचं नाव नाही. एकीची काच फुटून तिथं प्लायवूड ठोकलेलं. तिनं उस्मानपुऱ्याच्या अफजल मिस्त्रींना बोलावून घेतलं.

अफजल मिस्त्री साठीचे. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकली आणि कान लावून ऐकली. एक भेग बोअरच्या बाजूच्या भिंतीत, एक खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि तिसरी मागं, फुलझाडांच्या वाफ्याकडं. तिन्ही भेगांवर त्यांनी काचेची एकेक पातळ पट्टी आडवी चिकटवली.

"भेग जिवंत हाय का मेलेली, ते आधी कळू द्या," ते म्हणाले. "भिंत हलली तर काच तडकंल. दीड महिना कुणी हात लावायचा नाय."

काकासाहेब मनातून खूश झाले. आता तात्यासाहेबांना काचच दाखवतो, म्हणाले. रोज चहा झाला की बॅटरी घेऊन खाली उतरायचे आणि बोअरकडची पट्टी डोळ्यांत तेल घालून बघायचे. पट्टी आपली ठणठणीत.

एप्रिलातल्या एका सकाळी अपेक्षाची हाक आली, "बाबा, काच फुटली!"

काकासाहेब गुडघेदुखी विसरून पायऱ्या उतरले. फुटली होती खरी, पण वाफ्याकडची.

अफजल मिस्त्रींनी बाहेरून भिंतीलगत दोन ठिकाणी खणून घेतलं. बोअरच्या बाजूला कोरडी ठक्क माती निघाली. वाफ्याजवळ मात्र कुदळ घातली की पचपच आवाज. काकासाहेब उकिडवे बसले. मूठभर माती घेऊन त्यांनी ती बोटांत वळली. लोण्यासारखी वळी झाली. असल्या मातीचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, म्हणून कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी पाईप टाकून त्यांनीच वाफ्यात सोडलं होतं. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. थेंब वाया जात नाही, म्हणायचे.

"काळी माती हाय, साहेब," अफजल मिस्त्री हळूच म्हणाले. "पानी पिली की फुगते, सुकली की..."

"मला नको सांगू बाबा," काकासाहेब म्हणाले. "बत्तीस वर्षं मीच लोकांला हे सांगत हिंडलो." हातातली वळी टाकत त्यांनी विचारलं, "आन् बोअरकडची?"

"ती मेलेली हाय. नवं घर जमिनीत बसताना पडली असंल, लई जुनी. खिडकीची गंजामुळं. लोखंड गंजलं की फुगतंय, भिंतीलाच फाडतंय."

काकासाहेब हात न धुताच निघाले. अपेक्षा म्हणाली, "आत्ता कुठं?" पण ते तात्यासाहेबांच्या गेटपाशी पोचलेही होते. तात्यासाहेब ओट्यावर पेपर वाचत बसलेले.

"बोअरचा काही दोष नाय," काकासाहेब म्हणाले. "पाणी माझंच होतं. मीच सोडलेलं. दोन वर्षं तुम्हाला उगं बोल लावला."

तात्यासाहेबांनी पेपराची घडी केली. चिखलानं भरलेल्या त्या हातांकडं पाहिलं.

"व्हय? कालव्याच्या साहेबाला घरचा पाझर नाय दिसला?" ते म्हणाले, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. आतून चहा आला. काकासाहेबांनी तिथल्याच नळावर हात धुतले.

पुढचे पंधरा दिवस घरात हातोडी आणि धूळ होती. मिस्त्रींनी भेगा खोबणीसारख्या कोरून साफ केल्या, पंपानं आत सिमेंटचा मसाला भरला, बाहेरून भिंतीला पाणी न धरणारा लेप दिला. भिंतीलगतची काळी माती काढून मुरूम दाबला आणि वरून बाहेरच्या बाजूला उताराचा कोबा केला. गंजक्या चौकटी कापून काढल्या, खिडक्यांचा तळ वीतभर वर उचलला आणि सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या, जाळीसकट. वाफा कुंपणाकडं गेला. मोगरा हलवायला तात्यासाहेब स्वतः फावडं घेऊन आले, आणि मुळं तोडू नका म्हणून काकासाहेबांवर ओरडलेही.

वर्ग सुरू झाला त्या सोमवारी अपेक्षानं खिडकी सरकवली. ऊन थेट कापायच्या टेबलावर आलं. शकीला नावाच्या एका बाईनं सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "बाजी, चष्म्याबगैर ओवला!" बायका हसल्या.

काकासाहेब पायरीवर बसून ऐकत होते. तेवढ्यात बाहेरून तात्यासाहेबांची हाक आली, "चलायचं का?"

"आलो," म्हणत ते उठले आणि बूट शोधू लागले.