पांढऱ्या शर्टावरचा डाग

मित्रांनो, पोटात करवंट्यांचे निखारे घेऊन तापणारी मी एक जुनी पितळी इस्त्री. गोकुळदासांनी मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पेडण्याला घरी आणले. ते नौदलात होते. वर्षातले दहा महिने बोटीवर, दोन महिने घरी.

ते दोन महिने माझे सणाचे. सकाळी आंघोळ, तुळशीला पाणी आणि मग लेक सुविधाचा शाळेचा गणवेश. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ शेवटी. काम झाले की राख झाडून, माझा तळ मेणाच्या फडक्याने पुसून मगच ते चहाला बसत. त्यांची पत्नी पद्मावती हसून म्हणे, "अवो, माका कधी इतक्या जपलात काय?"

शेजारचे रामचंद्र कुंपणावरून ओरडत, "तारवटी इलो, धोब्याचा दुकान सुरू झाला!"

"तारवटी म्हणजे व्यापारी बोटीवरचो खलाशी रे! मी नेवीतलो!" गोकुळदास तिथूनच सुनावत.

बोटीवर परतण्याआधी ते आठवडाभराचे गणवेश करून ठेवत. त्यातला शेवटचा सुविधा घालतच नसे. घडी मोडली की बाबांचा हात गेला, असे तिला वाटे.

पुढे ते निवृत्त होऊन आले आणि घरात विजेची इस्त्री आली. मी पडवीतल्या फळीवर चढले. त्या दिवशी माझ्या पोटातली राख काढायची राहिली, ती राहिलीच. हवेची भोके बुजली, तळावर काळा थर बसला.

गोवा राज्य झाले त्या वर्षीची गोष्ट. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत झेंडा फडकवायचा मान गोकुळदासांना मिळाला. झेंड्याखाली उभे राहताना अंगावर खोट दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि सकाळीच वीज गेली! त्यांनी घाईने मला खाली काढले, फुंकर मारली, निखारे भरले. कॉलर झाली, बाह्या झाल्या. पाठीवर मी टेकले आणि तो जुना थर करपला. पांढऱ्या शर्टावर पिंपळपानाएवढा तपकिरी डाग पडला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पद्मावती श्रावणी शनिवारच्या पूजेवरून उठून आली. "निळो शर्ट घाला. कोण इचारतलो?"

गोकुळदासांनी मला तिरपी करून माझा तळ पाहिला. मग म्हणाले, "बोटीवर सामान न पुसता ठेवला तर शिक्षा मिळायची. ही माझी शिक्षा." त्यांनी तोच शर्ट घातला, वर पदके लावली.

"बाबा, पाठ दिसतली. पोरां हसतली," सुविधा म्हणाली.

"हसांदेत."

मुले हसलीच. पण झेंड्याला वंदन झाल्यावर एका मुलीने विचारले, "आजोबा, पाठ कशान जळली?" तेव्हा त्यांनी सगळ्या शाळेसमोर सांगितले, "माझ्या आळसान." हे सुविधाने घरी येऊन आईला सांगितले, तेव्हा ते अंगणात बसून मला बिंबलाच्या आंबट फळाने घासत होते.

त्यानंतर अकरा वर्षे, तापवायचे नसले तरी, दर शनिवारी त्यांनी मला घासले. आज ते नाहीत. आता पद्मावतीबाई शनिवारचा उपास सोडण्याआधी माझ्यावर हात फिरवतात. हात थकले आहेत, कडेचा काळेपणा निघत नाही, पण मला चालते.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. जुनी वस्तू फळीवर चढवाल तेव्हा आधी तिला पुसून घ्या. आणि पुसायचे राहून गेलेच, तर ते कुणाला तरी मोकळेपणी सांगा.