चुकून झालं म्हणा

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. आमची सूनबाई म्हणते, आईंच्या डोक्यातच लाँड्रीचा बॉयलर बसवलाय. असेल. पण मी सांगतेय तो राग आला चार वर्षांच्या पोरीच्या एका वाक्यावरून, आणि तो अजून गेलेला नाही.

आमच्या भागात पूर्वी पाळणाघर औषधालासुद्धा नव्हतं. पोरं आईबापांच्या कामाच्या जागी वाढायची. भाजीवालीचा मुलगा गाड्याखाली झोपायचा. माझी नात माझ्याजवळ लाँड्रीत असायची, उकळत्या पाण्याच्या आसपास. तिला सगळे भिंगरी म्हणतात ते काही उगाच नाही. सबंध दिवस माझा एक डोळा कपड्यांवर आणि एक तिच्यावर, आणि जीव टांगणीला. पलीकडच्या मोठ्या गोदामाचीही रडकथा तीच. बायका कामाला लागायच्या, पोराला ठेवायला कुणी मिळेना झालं की सोडून जायच्या, आणि खोक्यांचे ढीग तसेच पडून राहायचे.

शेवटी गोदामाचे साहेब, बेकरीवाले काका आणि आम्ही वस्तीतले असे एकदा एकत्र बसलो. काकांनी बेकरीवरचा मजला दिला. दुरुस्तीचा खर्च आणि मुलं सांभाळणाऱ्या ताईंचा पगार गोदामानं उचलला. वस्तीतल्यांनी भिंती रंगवल्या, पोरांसाठी गाद्या शिवल्या. धुणं मी अंगावर घेतलं. निम्म्या जागा गोदामात काम करणाऱ्यांच्या मुलांना, निम्म्या वस्तीतल्या मुलांना, असं ठरलं. सूनबाई गोदामात फोर्कलिफ्ट चालवते, म्हणून भिंगरी गोदामाच्या वाट्यात गेली. कुणी कुणावर उपकार केले नव्हते. गरज दोन्हीकडची होती.

मग साहेबांनी ॲप्रन पाठवले. गोदामाच्या मुलांना निळे, वस्तीतल्यांना पिवळे. कोण कुठलं ते चटकन कळावं, एवढंच, असं ते म्हणाले. मीही म्हटलं, बरं. पुढे निळी मुलं समोरच्या खोलीत बसायला लागली, कारण मोठी खिडकी तिथे आहे आणि गोदामाचे पाहुणे तिथेच येतात. पिवळी मागच्या खोलीत गेली, भट्टीच्या धुराड्याला लागून. मग चांगली खेळणीही पुढेच राहिली. प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असायचं आणि ते ऐकताना पटायचंही. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, वरून तसं सांगितलंय. 

एका सुट्टीच्या दिवशी भिंगरी लाँड्रीत पाळणाघर-पाळणाघर खेळत होती. कपड्यांचे चिमटे ही तिची पोरं. निळे चिमटे तिनं टॉवेलांच्या गठ्ठ्यासमोर उजेडात मांडले होते आणि पिवळे गठ्ठ्याच्या मागे. मी चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी टेकले. थंडी होती, अंगात माझा जुना पिवळा स्वेटर होता. तिनं मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आजी, तू पिवळी आहेस ना? मग तू मागे बस."

तिच्या आवाजात खोडी नव्हती. दार लाव, असं कुणी सांगावं तितक्या सहज तिनं ते सांगितलं. मी उठले आणि गठ्ठ्यामागे जाऊन बसले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर मी रागावले नाही. तिला शिकवलं तेच ती बोलत होती.

दुसऱ्या दिवशी पाळणाघराचं धुणं आलं. पक्का आणि कच्चा रंग एकत्र भिजवायचा नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी निळे, पिवळे सगळे ॲप्रन एकाच पाण्यात टाकले, पाणी खळखळून उकळलं, वरून ब्लीचची बाटली उपडी केली आणि लाकडी दांड्यानं ढवळत राहिले. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. बाहेर काढले तेव्हा सगळ्या ॲप्रनांचा रंग एकच, भांडी विसळलेल्या पाण्याचा. इस्त्री मात्र कडक केली. कामात कुचराई मला चालत नाही.

घरी सूनबाईनं मला फाडून खाल्लं. गोदामातले गणवेश आपल्याकडे धुवायला येतात ते विसरलात का, म्हणाली. पाळणाघर बंद पडलं तर भिंगरीला काय फोर्कलिफ्टवर बसवू? आणि माझीच नोकरी गेली तर? तिचं काही चूक नव्हतं. मी तिला चिमट्यांचं सांगितलं. ती म्हणाली, पोरं काहीही खेळतात, त्यात एवढं काय.

दोन दिवसांनी साहेबांनी सगळ्यांना पाळणाघरात बोलावलं. समोरच्या खोलीत पोरांच्याच बुटक्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. साहेबांचे गुडघे हनुवटीला लागत होते. माणूस वाईट नाही तो. हसून बोलतो, कुणाचा अपमान करत नाही. त्या एकरंगी ॲप्रनमधली पोरं दोन्ही खोल्यांतून मनाला येईल तशी फिरत होती, कारण कुणाला कुठे बसवायचं ते नव्या मदतनीस मुलीला कळेना.

साहेब म्हणाले की त्यांना वर उत्तर द्यावं लागतं. मुद्दाम नासधूस झाली असं वर गेलं, तर पैसे थांबतील आणि मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही.

"मावशी, चुकून झालं म्हणा," ते म्हणाले. "एवढंच. मी नवे मागवतो, विषय संपला."

काकांनी मला कोपरानं ढोसलं. ताई एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होत्या. सूनबाई कामाचं जाकीट घालून दारात उभी होती आणि डोळ्यांनी माझ्या हातापाया पडत होती. शब्द दोनच होते. म्हणायला काय जात होतं?

"चुकून नाही झालं," मी म्हणाले. "मुद्दाम केलं. पोरांना रंग तुम्ही लावलेत, साहेब. मी काढले."

"पैसे आम्ही देतो, मावशी."

"देता ना. आणि काका जागा देतात. त्यांनी कधी पोरांच्या पाठीवर बेकरीच्या पावाचं चित्र काढलं नाही."

साहेबांचं हसू मावळलं. ते उठले आणि म्हणाले, नवे ॲप्रन येईपर्यंत मुलं पूर्वीसारखीच बसतील. मग स्वतःच कामाला लागले. खिडकीपाशी एक मुलगी ठोकळे रचत बसली होती. केस सुटलेले, मोज्याला भोक, नाक वाहतंय. साहेबांनी वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळ, तू मागच्या खोलीतली ना? चल, मागे जा बरं."

ती भिंगरी होती. तिनं आपल्या ॲप्रनकडे पाहिलं, हातातला ठोकळा खाली ठेवला आणि निघाली. रडली नाही. मागे जा म्हटलं की जायचं, हे तिला पाठ होतं. मी त्या बुटक्या खुर्चीतून उठायला धडपडले.

"साहेब," ताई हळूच म्हणाल्या, "ती तुमच्या फोर्कलिफ्टवालीची आहे."

साहेबांचे कान लाल झाले. काहीतरी पुटपुटत त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते जिना उतरून गेले. सूनबाई दारातून आत आली. ती मागच्या खोलीत गेली आणि धुराड्याजवळ पोरीला मांडीवर घेऊन बसली. भाजीवालीचा मुलगा तिच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. त्या दिवशी ती कामावर उशिरा पोचली.

पुढच्याच आठवड्यात गणवेशांचं धुणं दुसऱ्या लाँड्रीकडे गेलं. घरात सूनबाई माझ्याशी मीठ द्या, दार लावा, यापलीकडे बोलेना. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. पण पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा तेच उत्तर दिलं असतं.

मग एका संध्याकाळी ती कामावरून परस्पर लाँड्रीत आली, खांद्यावर खोकं घेऊन. ते ताईंकडे पोचवायला साहेबांनी तिलाच सांगितलं होतं. तिनं ते माझ्या इस्त्रीच्या टेबलावर आपटलं आणि वरची चिकटपट्टी फाडली. आत प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेले नवे ॲप्रन होते. निम्मे निळे, निम्मे पिवळे.

सूनबाईनं जाकीट काढून खुंटीला लावलं आणि बाह्या वर सारल्या.

"आई, पाणी तापत ठेवा."

मी तिला नोकरीची आठवण करून दिली. ती एकेक प्लॅस्टिक फाडून ॲप्रन टबात टाकत होती.

"या वेळी साहेबांना मी सांगणार," ती म्हणाली. "चुकून नाही झालं म्हणून."