हसळीखालची रेघ

तीन दिवस माझ्या रागिणीच्या पोटात काही ठरत नव्हतं. सोमवारी दर्यापूरहून जीपनं तिला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. हे दुबार पेरणीत अडकलेले. त्या पावसाळ्यात गावात कर्जापायी दोन घरी बांगड्या फुटल्या होत्या, त्यामुळे ह्यांना एकटं सोडून येताना माझा अर्धा जीव शेतातच राहिला.

रागिणीच्या डोक्यात पाणी साचतं. ते पोटात उतरावं म्हणून तान्हेपणीच तिच्या कातडीखाली कानामागून नळी घातलेली. ती दोन वर्षांची झाली तेव्हा मी तिच्या गळ्यात चांदीची हसळी, गळ्यालगतचं कडं, घातली. सातवं लागलं की कौंडण्यपूरला देवीच्या पायाशीच उतरवायची, तोवर नाही, असा नवस. सातवं कार्तिकात लागणार होतं.

नळी बिघडली तरी अशाच उलट्या होतात, म्हणून डॉक्टरांनी नळीचा फोटो काढायला सांगितलं. एक्स-रे काढणारे परवेजभाऊ फोटो उजेडासमोर धरून उभे राहिले.

"हसळी काढा लागंल, ताई."

"नवसाची हाय, भाऊ. वर सरकवली तर?"

त्यांनी सरकवून पाहिली. पोरगी वाढली होती, हसळी तेवढीच.

"हे पाहा. नळी प्लास्टिकची. साधं प्लास्टिक फोटोत दिसतच नाही. म्हनून बनवतानीच तिच्यात बेरियम घालतात, तवा ही पांढरी रेघ उमटते. पन चांदी तिच्याहून पांढरी. रेघ हसळीखाली जाते, खालून निंघते. मधात जुडली हाय का तुटली, मले काय दिसते?"

"न पाहता डॉक्टर काय करतीन?"

"पोटाचं औषध देऊन घरी धाडतीन. नाही तं उगाच चिरतीन. तुमीच सांगा."

रागिणी डोळे मिटून पडली होती. परवेजभाऊ तिला म्हणाले, "काहून व, तुले माह्या मशीनचा राग आला का?" एरवी तिनं उलट उत्तर दिलं असतं. तिनं डोळेही उघडले नाहीत.

मी हसळीची तोंडं धरून ओढली, हलेना. परवेजभाऊंनी पक्कड आणली, पण लावली नाही. माझ्या हातात दिली.

"नवस तुमचा हाय," ते म्हणाले.

मी देवीचं नाव घेतलं आणि हसळी फाकवली. तिच्या गळ्यावर पांढुरका वळ राहिला.

दुसऱ्या फोटोत रेघ कानामागून सरळ उतरली आणि त्या वळाच्या जागी थांबली. बोटभर काहीच नाही. मग पुन्हा सुरू.

डॉक्टरांनी फोटो पाहून लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. स्ट्रेचरवर घेताना रागिणीनं गळा चाचपला.

"आई, हसळी?"

"माह्या पदरात हाय."

"देवी रागावन?"

"कार्तिकात जाऊ तवा इचारू तिले."

दार लोटलं गेलं. मी बाकावर बसले. वाकडी हसळी पदराच्या गाठीत टोचत होती. मी गाठ आणखी आवळली.