नाकासमोर

“लिही,” आई म्हणाली, “माणूस जेवायला उठला आणि परत आलाच नाही, तर काय करायचं ते तुमच्या विमानाला शिकवा.”

मी टाइप करता करता थांबले. बाबांच्या कॉम्प्युटरवरचं विमान बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर सूचनांचा रकाना होता आणि ऑटोपायलटमध्ये आणखी काय काय हवं ते लोकांनी तिथे लिहिलं होतं. कुणाला उतरताना वेग आपोआप कमी व्हायला हवा होता, कुणाला बटणांचा आवाज खराखुरा. त्यात आईचं हे. असं लिहीत नसतात, म्हटलं, तर म्हणाली, कसं लिहितात तसं लिही, अर्थ तेवढा हलवू नकोस.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर वर-खाली केलं, पण खऱ्या विमानात पाय ठेवला नाही. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ मांडला. खेळ म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्याला जोडायचं एक जास्तीचं विमानही त्यांनी विकत घेतलं होतं, हुबेहूब ऑटोपायलट असलेलं, आणि टेबलावर त्याच्या बटणांचा नि फिरत्या कळांचा फलक. खऱ्या प्रवासाला लागेल तेवढाच वेळ ते घेत. आईनं जेवायला हाक मारली की म्हणत, “विमान लावून येतो,” म्हणजे ऑटोपायलटच्या हवाली करून. मग प्रवाशांना वाढलं का, असं आई हमखास विचारायची.

त्या दुपारी तिनं पुन्हा पुन्हा हाका मारल्या, तेव्हा घाईत त्यांनी आखलेल्या मार्गाचं बटण सोडून दिशेचं दाबलं. ही त्यांची नेहमीची चूक. मार्गाचं दाबलं की विमान वळणं घेत मुक्कामी जातं, दिशेचं दाबलं की नाकासमोर जातच राहतं. एरवी हात धुऊन आले की जीभ चावून ते दुरुस्त करायचे. त्या दिवशी पहिल्या घासालाच खुर्चीतून कलंडले.

हॉस्पिटलमधून आम्ही दोघीच परत आलो, तर मागच्या खोलीतून इंजिनाची घरघर येत होती. इंधन संपू नये अशी सोय त्यांनीच करून ठेवलेली. विमान मुक्काम ओलांडून समुद्रावर गेलं होतं.

तेव्हापासून ते उडतंच आहे. कधी आमच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिकडे कुठेतरी उजाडतं. दाराच्या फटीतून तो उजेड आला की मी, चांगली शिकलीसवरलेली बाई, घास तोंडात धरून मागे बघते. आता त्यांची खुर्ची करकरेल असं वाटतं. मला त्या खोलीची भीती वाटते, आणि ते बंद करायचीही.

आईची भीती वेगळी होती. “एकटंच लांब लांब चाललंय गं,” ती म्हणायची. पृथ्वी गोल आहे, येईल फिरून, असं मी एकदा म्हणून पाहिलं.

“येईल,” ती म्हणाली, “पण थांबणार नाही.”

मग तूच वळव की, म्हटलं, तर तिनं नकारार्थी मान हलवली. ती दिशा त्यांच्या हातची होती.

म्हणून मी रीतसर सूचना लिहिली. वैमानिक बराच वेळ परतला नाही, तर ऑटोपायलटनं विमान निघाल्या ठिकाणी आणावं आणि तो येईपर्यंत तिथेच वर घिरट्या घालत ठेवावं.

उत्तर लवकर आलं, आणि प्रेमळ होतं. सूचना फार आवडली, पुढच्या आवृत्तीत घेतो आहोत. मात्र नवी आवृत्ती बसवताना चालू असलेलं उड्डाण बंद करावं लागेल, ते पुढे नेता येणार नाही.

मी वाचून दाखवलं. आईनं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग ओले हात पुसून ती मागच्या खोलीत गेली आणि त्यांच्या खुर्चीच्या कडेवर बसली. दिशा फिरवायची कळ कुठली, तिनं विचारलं. मी दाखवली. त्यांच्या अंगठ्यानं तिच्यावर काळपट डाग पडला होता. सगळं घर पुसणाऱ्या आईनं तो तेवढा पुसला नव्हता.

तिनं त्या डागावर आपला अंगठा ठेवला आणि कळ फिरवली. आकडे सरकले. समुद्र हळूहळू एका बाजूला कलला.

“घरी यायला किती वेळ?”

“खूप लागेल, आई.”

“लागू दे.”

ती उठली, खुर्ची होती तशी सरकवली. दारापाशी जाऊन वळली. मला वाटलं माझ्याशीच काही बोलणार.

“मी लावलंय विमान,” ती खुर्चीकडे बघत म्हणाली. “तुम्ही सावकाश जेवून घ्या.”